दहाच्या आत

परवा एका गाण्याच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका हातात आली. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक अशी नावांची उतरंड संपते, मग तळाशी, प्रायोजकांच्या चिन्हांच्या वर, बारीक अक्षरात गायिकेचं नाव. तबला-संवादिनीच्या साथीदारांची नावं छापलेलीच नाहीत. आणि वेळ ‘सायंकाळी ठीक ६ वाजता’. या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, झालं, शाल-श्रीफळाचा विषय पुन्हा निघाला. निघालाच आहे, आणि या वेळी त्याला कारण माझा मित्र शेखर आहे. २०२५च्या जानेवारीतल्या एका रविवारी त्यानं मला नवी मुंबईतल्या नेरूळला नेलं, कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला.

माहिती थोडक्यात सांगतो, कारण ती एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. इंग्लंडच्या या बँडचे १८, १९ आणि २१ जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले. तिकिटं आदल्या वर्षी २२ सप्टेंबरला विक्रीला निघाली आणि बघता बघता संपली. तिसरा दिवस वाढवला, तोही पुरला नाही. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत दर होते. आम्ही उभ्यानं ऐकायच्या भागात होतो, ६,४५० रुपयांचं तिकीट. त्यानंतर अहमदाबादला त्यांचे दोन कार्यक्रम झाले. त्यातला दुसरा हॉटस्टारवर घरबसल्या बघता आला.

शेखरचं हे वेड ‘यलो’पासूनचं. ते गाणं २००० साली आलं तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता आणि त्यानं ‘पॅराशूट्स’ची कॅसेट इतकी वाजवली, की तिची फीत ताणून आवाज लटपटायला लागला. हाच बँड २०१६च्या नोव्हेंबरात मुंबईत एमएमआरडीए मैदानावर येऊन गेला. तेव्हा वाळूजच्या कंपनीत त्याची पाळी बदलून मिळाली नाही. ते तो आजवर विसरलेला नाही. माझे कान शास्त्रीय गायक नाथराव नेरळकरांच्या बैठका ऐकून घडलेले. बागेश्रीत गुंतलेल्या माणसाला हे गिटारवाले कितपत लागू पडणार, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, ‘‘तू नुसता चल. तिथं गेल्यावर काय ऐकायचं ते मी सांगू लागतो.’’

छत्रपती संभाजीनगरहून पहाटेच्या वंदे भारतनं निघालो, ठाण्याला उतरलो, ट्रान्स हार्बरच्या लोकलनं नेरूळ गाठलं. आत शिरल्या शिरल्या तरणी पोरं मंचाकडं धावत सुटली. शेखर उलट्या दिशेला चालू लागला. मैदानाच्या मधोमध लोखंडी कठड्यात साऊंडवाल्यांचा चौथरा होता, त्यांचे मिक्सर, पडदे, दिव्यांची टेबलं. त्या कठड्याला पाठ लावून तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘मैदानातली सगळ्यात भारी जागा ही. हलायचं नाही.’’

शेखर सुट्टीच्या दिवशी शहरातल्या एका ऑर्केस्ट्राचा साऊंड सांभाळतो, म्हणून हे त्याला ठाऊक. मिक्सरवर बसलेला माणूस स्वतःच्या कानाला जे बरं लागतं तसं सगळं जुळवत असतो. म्हणजे अख्ख्या मैदानात आवाजाचा तोल नेमका साधलेला असतो तो त्याच्या आसपास. मंचाच्या पुढ्यात बसलेल्याला ड्रमचा थेट दणका बसतो, कलाकारांसाठी लावलेल्या मॉनिटरचा आवाज मिसळतो आणि डावी-उजवीकडचे मुख्य स्पीकर त्याच्या डोक्यावरून निघून जातात. फार मागं गेलं तर वेगळंच घडतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. मंचापासून शंभर मीटरवरच्या माणसाला पडद्यावर काठी आधी पडलेली दिसते आणि ठोका जवळपास तीस शतांश सेकंद उशिरा कानी येतो. म्हणून मोठ्या मैदानांत मधे मधे स्पीकरचे आणखी मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज हिशेबानं तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढून येणारा आणि जवळचा एका वेळी कानात पडतो. हे ऐकल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्याकडं पहिल्या रांगेत सोफे मांडून मान्यवरांना बसवतात. म्हणजे सगळ्यात मानाच्या जागेवर सगळ्यात बेढब आवाज. आणि ज्याला खरंच ऐकायचं असतं, त्यानं मधली खुर्ची धरली की ‘ही राखीव आहे’ म्हणून उठवतात.

कार्यक्रम सुरू झाल्यावर शेखर अजिबात बोलला नाही. आजूबाजूची पोरं घसा फोडून गात होती, हा ओठ मिटून उभा. फक्त उजव्या हाताची तर्जनी अधूनमधून वर करायचा. पहिल्यांदा मला कळेना. ‘अ‍ॅडव्हेंचर ऑफ अ लाइफटाइम’ चालू असताना त्यानं बोट वर केलं आणि लगेच गिटारच्या झगमगाटाखालून बेसची जाड, नाचरी ओळ सरकत आली. ती तोवर माझ्या कानाला सापडलीच नव्हती, आणि एकदा सापडल्यावर त्या गाण्यात मला दुसरं काही ऐकू येईना. गाय बेरीमन हा त्यांचा बेस वाजवणारा, मंचावर शांतपणे एका बाजूला उभा असतो. गाण्याचा सगळा भार त्यानं उचललाय, हे मला शेखरच्या बोटानं दाखवलं. आमच्या बैठकीत म्हातारे रसिक समेच्या आधी हात उचलतात आणि शेजारच्या नवख्याला सम सापडते, तसंच हे. जाणत्याच्या शेजारी बसून ऐकणं ही वेगळीच विद्या आहे आणि ती कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही.

आत जाताना प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधतात. ‘यलो’ सुरू झालं तसे ते सगळे पट्टे एकदम पिवळे पेटले आणि मैदान, गॅलऱ्या, सगळीकडं हळद पसरली. एका गाण्याला क्रिस मार्टिननं सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितले. लोकांनी ऐकलं! पन्नास हजारांच्या घरातली माणसं दोन्ही हात मोकळे करून नाचली. बाहेर पडताना पट्टे परत करायचे, ते पुढच्या शहरात वापरतात. शेखरला तो पट्टा ठेवून घ्यायचा फार मोह झाला होता. खोक्यात टाकताना दोनदा हात मागं घेतला, मग टाकला.

पण मला सांगायचं आहे ते घड्याळाचं. जस्लीन रॉयल आणि इतर पाहुणे कलाकार आधीच गाऊन गेले आणि मुख्य कार्यक्रम दहाच्या आत संपला. घाई कुठं जाणवली नाही, शेवटचं गाणं कापलं नाही. कारण दहाला थांबायचं हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं आणि त्यांनी दहापासून मागं मोजत सगळं आखलं होतं.

तोच नियम आपल्याला आहे. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सांगतात, की रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवता येते. त्यातले बरेच दिवस गणपती, नवरात्र, जयंत्या आणि ३१ डिसेंबरला जातात. या नियमाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. घाटी रुग्णालयात झोपलेला रुग्ण आणि बारावीचा अभ्यास करणारी पोर यांच्या रात्रीवर माझ्या गाण्याचा हक्क नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडं कार्यक्रमाचा शेवट कायद्यानं बांधलेला आहे आणि सुरुवात कुणीच बांधलेली नाही. मधे जे काही लांबतं ते सगळं गाण्याच्या अंगावर येतं.

मागं आपल्याच शहरात उघड्यावरच्या एका मैफलीत हे जवळून पाहिलंय. सहाची वेळ होती. तबलजींनी साडेपाचला आत बसून तबला लावला, तानपुरे जुळवले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, सत्काराला उत्तर, मनोगत. हिवाळ्याची रात्र, मोकळं मैदान, हवेत ओल आली. चामडं सैल पडलं, तारांचा सूर हलला. पावणेनऊला पडदा सरकला, तेव्हा तबलजी पुन्हा हातोडी घेऊन गट्ठे ठोकू लागले आणि माझ्या मागचा माणूस म्हणाला, ‘‘यांना हे घरून करून येता येत नाही का?’’ त्या कलाकाराची कीव आली मला. गायकांनी विलंबित ख्याल धरला, आलाप नुकता मध्यमावर टेकला होता, आणि विंगेत खाकी टोपी दिसू लागली. बडा ख्याल निम्म्यात सोडला, एक द्रुत बंदिश, एक नाट्यपद आणि भैरवी घाईघाईनं. जालन्याहून, वैजापूरहून माणसं आली होती त्या गाण्यासाठी. आणि आभार? तेवढ्यातही आभाराला वेळ निघाला.

या दहाच्या रेषेनं आणखी एक गोष्ट नेली, तिचं दुःख कुणी बोलून दाखवत नाही. मालकंस, दरबारी हे रात्र चढल्यावरचे राग. ललित, भटियार पहाटेचे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा, पहाटेला भीमसेनजी गायला बसायचे. वेरूळ महोत्सव कैलास लेण्याच्या प्रांगणात व्हायचा तेव्हाच्या रात्रींबद्दल आमच्या पिढीची माणसं आजही आवाज खाली आणून बोलतात. आज तिशीत असलेल्या रसिकानं दरबारी ऐकला असेल तो बहुतेक रात्री आठला, नाहीतर फोनवर. रागाची वेळ ही नुसती रूढी आहे असं मानणाऱ्यांनी मध्यरात्री एकदा दरबारीतला आंदोलित गंधार समोर बसून ऐकावा. त्या वेळी शहर थांबलेलं असतं, म्हणून तो स्वर झुलताना दिसतो.

तर परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये मी हे सगळं शेखरला ऐकवत होतो. त्याच्या कानात अजून ‘फिक्स यू’ वाजत असणार, तरी त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘बंद हॉलला हा नियम कुठं आहे?’’ खरंच आहे. आवाज आतल्या आत राहत असेल तर नाट्यगृहाला, सभागृहाला दहाची आडकाठी नाही. उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे, सिडकोत संत तुकाराम नाट्यगृह आहे. एखाद्या शनिवारी रात्री दहाला दारं लावून घ्यावीत. पहिल्यांदा बागेश्री, मध्यरात्रीनंतर दरबारी, तीनच्या सुमाराला चहा, मग ललित, आणि उजाडताना भैरव. पत्रिकेवर गायक-वादकांची नावं, सगळ्यांची सारख्या अक्षरांत, तंबोऱ्यावर बसणाऱ्या शिष्येचंसुद्धा. बाकी कुणाचं नको. पाहुण्यांनी जरूर यावं, तिकीट काढून मधल्या रांगेत बसावं, तिथं आवाज चांगला येतो.

ज्या संस्थांना हे मनावर घ्यायचं असेल त्यांनी या सदराच्या पत्त्यावर दोन ओळी पाठवाव्यात. साऊंड शेखर लावणार आहे, त्याचे पैसे तो घेणार नाही. त्याची एकच अट आहे, हॉलच्या मधल्या चार खुर्च्या काढून मिक्सर तिथं ठेवू द्यायचा.