‘लाल किल्ला’ : नकाशावर आधीच दिसलेला पराभव

१/ नाशिकच्या द्वारका चौकातून पुणे रस्त्याने नाशिकरोड ओलांडले की देवळालीची छावणी जवळ येते. तेथील तोफखाना विद्यालयाच्या मैदानावर गोळा चुकला तर तत्काळ कळते. सेनेच्या मुख्यालयाची चूक मात्र प्रत्यक्ष युद्धातच उघडी पडते. ती आधी दिसावी, यासाठी मुख्यालयांचे युद्धसराव असतात.

२/ अशा सरावात सैन्य हलत नाही. नकाशे, संदेश, पंच आणि घड्याळ एवढेच साहित्य. एक गट शत्रू होतो. दुसऱ्याने राखीव दल कोठे ठेवायचे, रसद कोणत्या वाटेने न्यायची, हे ठरवायचे. प्रशियाच्या सेनेने १८२४ पासून ही पद्धत रुजवली.

३/ भारतातील याचे बोलके उदाहरण एका मराठी सेनानीचे आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. नेफाच्या संरक्षणाला सैन्य अपुरे आहे, असा अहवाल त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये दिला. सीमेवरील ठाणी केवळ इशाऱ्यापुरती ठेवावीत आणि खरी लढाई मागच्या, रसद पोहोचेल अशा रेषेवर द्यावी, हे त्यांचे सूत्र होते.

४/ मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ हा सराव झाला. चिनी आक्रमण कसे पुढे सरकेल, हे त्यात मांडले गेले. निष्कर्ष तोच निघाला : आहे त्या बळावर नेफा राखता येणार नाही.

५/ संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटले नाही. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. त्याच वर्षाअखेरीस ठाणी आणखी पुढे नेण्याचे धोरण आले, म्हणजे सरावाच्या नेमके उलट. २० ऑक्टोबर १९६२ रोजी आक्रमण झाले. महिनाभरात तवांग, से ला, बोमडिला पडले.

६/ सैन्य आणि पैसा होताच कोठे, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा. बळ वाढवणे अवघड होते. पण तुटपुंजे बळ आणखी पुढे न ढकलणे हातात होते.

७/ उलट टोक १९४२ चे. मिडवेपूर्वीच्या जपानी सरावात बुडालेली ठरलेली विमानवाहू नौका वरिष्ठांनी पुन्हा तरती केली. जूनमध्ये तशा चार नौका खरोखर बुडाल्या.

८/ जपानने सरावाचा निकाल बदलला. दिल्लीने तो बाजूला ठेवला. म्हणून सराव कितीही भव्य असो, त्याच्या प्रत्येक निष्कर्षाला वरून लेखी उत्तर मिळालेच पाहिजे : मान्य, किंवा अमान्य आणि त्याचे कारण.