मनगटाचा विमा

बीड जिल्ह्यात जुलै उजाडला की दोन गोष्टींकडे डोळे लागतात, पाऊस आणि विम्याचं पोर्टल. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला आणि सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये ठरलेले. दिवसा सर्व्हर चालेना, म्हणून पोरं रात्र-रात्र जागून गट नंबर, खाते नंबर, आधार नंबर भरत बसली. पुढच्या वर्षी त्यात लाडक्या बहिणीच्या अर्जांची भर पडली.

माझ्या ओळखीचा एक केंद्रचालक मध्यरात्री उठून हात झटकतो. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. घरात मात्र तो चकार शब्द काढत नाही. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे; त्यांच्यापुढे पंख्याखाली बसून माऊस फिरवणाऱ्याने हात दुखतो म्हणायचं कोणत्या तोंडानं? मला ही लाज पटत नाही. आईबापाचं दुखणं मोठं आहे म्हणून पोराचं खोटं ठरत नाही.

हाताचं हे दुखणं जुनंच आहे. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७१३ साली कारकुनांच्या आजाराची तीन कारणं लिहून ठेवली: सतत बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून डोक्याला ताण. खाते नंबरात एक आकडा चुकला की शेतकरी दारात उभा, हे आपल्या चालकाला वेगळं सांगायला नको.

उपाय आहेत, आणि पहिले दोन फुकट आहेत. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, म्हणजे मनगट वर मुडपत नाही. माऊस डाव्या हाताला घ्या. आकडे भरायला उजवा हात नंबर पॅडवर असतोच; त्यापलीकडे ठेवलेल्या माऊसपर्यंत दर वेळी खांदा ताणायची गरज काय? चार दिवस हात अवघडतो, मग सरावतो. पैसे घालायचेच तर उभा माऊस घ्या. त्यात तळवा पालथा न राहता हस्तांदोलनाला पुढे करावा तसा राहतो. ट्रॅकबॉलमध्ये हात जागेवर आणि फिरतो फक्त गोळा. पण अंगठ्यानं फिरवायचा असेल तर अंगठा दुखतो, तेव्हा बोटांनी फिरणारा बघावा. मराठी मजकूर फोनवर बोलून लिहिता येतो, पण रांगेच्या गोंगाटात सातबारावरचे आकडे बोलून भरायला मी तरी सांगणार नाही.

मात्र रामाझ्झिनीच्याच ओळखीचा एक लेखनिक होता. उजवा हात गेला तेव्हा तो डाव्याने लिहायला शिकला, आणि थोड्याच काळात डावाही गेला. नुसतं यंत्र बदलून भागत नाही, हाताला विसावा लागतो. अर्जागणिक पैसे असले की तो विसावा पदरचा पडतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. मोबदला ठरवणाऱ्यांनी निदान अर्जाची मुदत संपायच्या चार दिवस आधी वाढवली, तरी हाताला उसंत मिळेल. शेवटच्या रात्री वाढवून काय उपयोग?

चालकांना एवढंच सांगणं: बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, तर चोळणाऱ्याकडे जाऊ नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात हात दाखवून या. मनगटात दबलेली नस वेळेत मोकळी झाली नाही, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू झिजतात.