घरातला रणगाडा



नातवाने सुट्टीत शर्मन रणगाड्याचं किट आणलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "हिंसेचं साधन, आणि आपल्या घरात?" मलाही आधी तसंच वाटलं होतं.

खेळण्यातली बंदूक दिली की मूल लगेच ढिशक्यांव करतं. ती मी आजही घरात येऊ देणार नाही. हे काम वेगळं आहे. १:३५ प्रमाणात ३० टनांचा रणगाडा जेमतेम १७ सेंटिमीटरचा होतो. भाग कापा, घासा, चिकटवा. मग प्रायमर, त्यावर हिरवट रंग, खाचांत पातळ काळपट रंग. शेवटी ब्रश पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि कडांवरून फिरवायचा, की लोखंड झिजल्यासारखं दिसतं. (ब्रश नायलॉनचेच घेतले. नावाजलेले कोलिन्स्की ब्रश प्राण्याच्या केसांचे असतात, हे जाऊबाईंनाही ठाऊक नव्हतं!)

किटमध्ये आतला भागही होता. पाच जणांच्या जागा, त्यांना खेटून तोफगोळे. दुसऱ्या महायुद्धात सुरुवातीच्या शर्मनमध्ये त्या गोळ्यांमुळेच आग भडकायची. पुढे ते तळाशी, पाण्याच्या कप्प्यांत ठेवू लागले.

"आजी, ड्रायव्हर बाहेर कुठून यायचा?"

मी वरचं झाकण दाखवलं.

"आणि तोफ नेमकी त्यावर वळलेली असली तर?"

बंदुकीने हा प्रश्न त्याला कधी पडला असता का?

जाऊबाईंना अजून पटलेलं नाही. नातवाने मात्र वरची सगळी झाकणं उघडी ठेवूनच चिकटवली.