भस्मासुर माडीवर राहतो

आपल्या घरात पुराण सांगायला पुराणिकबुवा लागत नाहीत. उशिरा उठणारे चिरंजीव कुंभकर्ण असतात, इकडचे तिकडे करणारे शेजारी नारद असतात आणि वाटणीवरून दोन भावांत बोलाचाली झाली, की त्या घरात 'महाभारत' घडते. महागाईचा तर वर्तमानपत्रांनी केव्हाच भस्मासुर करून टाकला आहे. मग आजच्या संसारावर कादंबरी लिहिणाऱ्याने पुराणाला हात घातला, तर नवल ते काय?

नवल नाही, पण काम अवघड आहे. नायकाचे नाव अर्जुन आणि त्याच्या मित्राचे कृष्णा ठेवले, एवढ्याने कथेत महाभारत येत नाही. शशी थरूर यांनी १९८९ साली 'द ग्रेट इंडियन नॉव्हेल'मध्ये आपले अलीकडचे राजकारण महाभारतावर बसवले. तेथे भीष्मात गांधीजी, आंधळ्या धृतराष्ट्रात नेहरू आणि द्रौपदीत लोकशाही ओळखायची. हा खेळ बुद्धीचा आहे आणि मौजेचाही. पण पुराणातला राक्षस आपल्याच जिन्याने धाडधाड वर जाताना पाहायचा असेल, तर आर. के. नारायण यांची १९६१ सालची 'द मॅन-ईटर ऑफ मालगुडी' उघडावी.

मालगुडी हे दक्षिणेतले कल्पित गाव. तेथे नटराज नावाचा एक भिडस्त छापखानेवाला आहे. वासू नावाचा धिप्पाड गृहस्थ एके दिवशी व्हिजिटिंग कार्डे छापून घ्यायला येतो आणि पुढे छापखान्याची माडीच बळकावून बसतो. त्याचा धंदा मेलेल्या जनावरांत पेंढा भरण्याचा. भाडे तर देत नाहीच. उलट मालक आपल्याला बेकायदा हुसकावतो, अशी भाडेनियंत्रणाच्या कचेरीत तक्रार करतो! शेवटी त्याची नजर देवळाच्या हत्तीवर जाते. छापखान्यातले शास्त्री मात्र त्याला ओळखून असतात. हा भस्मासुर! आणि होतेही तसेच. कपाळावरचा डास मारायला जाऊन वासू स्वतःच्याच चापटीने मरतो. मोहिनीच्या जागी त्याला पंख्याने वारा घालणारी रंगी असते, इतकेच.

ही कथा सांगितली, की वर्गात हशा पिकतो. एकदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, राक्षस आपोआपच मरणार असेल, तर नटराजने काही करायचेच नाही का?"

मुलीने नेमके वर्मावर बोट ठेवले होते. कारण पुराणातही भस्मासुर आपोआप मरत नाही. त्यासाठी विष्णूला मोहिनी होऊन नाचावे लागते. शिवाय त्याला वर दिला कोणी? भोळ्या शंकराने. आणि नटराज हे तर शंकराचेच नाव! माडी हाच तो वर, भिडेपोटी दिलेला. 'नाही' म्हणण्याची वेळ एकदा हुकली, की देणाऱ्यालाच पळता भुई थोडी होते. नटराज देवळात विष्णूचा धावा करतो. हत्ती वाचतो खरा, पण वासूच्या मृत्यूचा संशय नटराजवरच येतो आणि रोजचे मित्रही त्याला टाळू लागतात. राक्षस जळाला, तरी राख उडते ती वर देणाऱ्याच्याच अंगावर!

मला वाटते, आधुनिक कथेने पुराणात घातलेली भर ती हीच. पुराणिकबुवांचा भस्मासुर पाच मिनिटांत भस्म होतो. नारायणांचा भस्मासुर कितीतरी दिवस माडीवर राहतो, कातड्यांची घाण घरभर पसरते आणि शेजारी मालकालाच बोल लावतात. शेवट पुराणाने सांगून ठेवलेला असतो. मधले दिवस माणसाने कसे काढले, हे कादंबरीकाराला सांगावे लागते. ते नीट सांगितले नाही, तर राक्षस नुसता नावाचाच उरतो.

नरक चतुर्दशीला पहाटे आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो आणि नरकासुर मेला असे समजून फराळाला बसतो. सण म्हणून ते ठीकच आहे. पण कोणाच्या घरी माडीवर एखादा वासू राहत असेल, तर त्याला डास कधी चावेल याची वाट पाहत बसू नये. फराळ आटोपला, की जिना चढून वर जावे.