टक्के विचारता, हिशेब कोण विचारणार?



दहावीचा निकाल लागला की आपल्या क्वार्टर्समध्ये दोनच प्रश्न ऐकू येतात. "टक्के किती?" आणि "सायन्सला टाकणार ना?" अकरावीला सायन्स घ्यायचे, क्लास लावायचा आणि त्यासाठी पीएफमधून पैसे काढायचे, हा जणू रिवाजच झाला आहे. शासकीय तंत्रनिकेतनात जातो तो कमी टक्क्यांचा, ही समजूत कोणाच्या फायद्याची? क्लासवाल्यांच्या! तिची किंमत मात्र मोजतात पॉइंट्समन आणि पोस्टमन.

साधा हिशेब करा. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार, एकूण सहा. तंत्रनिकेतनाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाल्यास पदवीची तीन, एकूण सहाच! पण पहिल्या वाटेवर मध्येच थांबावे लागले तर हाती फक्त बारावीची गुणपत्रिका. दुसऱ्या वाटेवर तिसऱ्या वर्षी हाती पदविका, आणि तिच्यावर रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला बसता येते. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या असतात, तेव्हा पदविकेतही अभ्यास चुकत नाही.

शाखा निवडतानाही नोकरीच्या अटी आधी वाचा. असिस्टंट लोको पायलटला ठरावीक ट्रेडचे आयटीआय चालते. तसेच मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइलची पदविका चालते. कॉम्प्युटरची चालत नाही.

पुण्याचे सीओईपी 1854 चे, मुंबईचे व्हीजेटीआय 1887 चे. त्यांच्या नावाला बाजारात वजन आहे, हे कोण नाकारील? पण तिथली फी तंत्रनिकेतनाच्या कितीतरी पट, वर वसतिगृह आणि मेस. कर्ज न काढता झेपत असेल तर अवश्य पाठवा. झेपत नसेल तर जिल्ह्यातल्या शासकीय संस्थेत शिकण्यात कमीपणा कसला?

इटारसी, जबलपूर, सिकंदराबादला बदलीवर असलेल्या साथींनी एक ध्यानात ठेवावे. मूल बाहेर शिकले तरी आई किंवा वडिलांकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल, तर अभियांत्रिकी पदवीला राज्याच्या कोट्यातून अर्ज करता येतो. दाखला आजच काढून ठेवा.

आता सरकारचा हिशेब! आपला बालशिक्षण भत्ता जानेवारी 2024 पासून दरमहा 2,812.50 रुपये झाला. तो दोन अपत्यांना, बारावीपर्यंत. दहावीनंतरच्या आयटीआय किंवा पदविकेच्या पहिल्या दोन वर्षांनाही तो मिळतो. अनेकांना हे ठाऊकच नसते, हक्काने मागा. पण पदविकेच्या तिसऱ्या वर्षाला काय? पदवीला काय? शून्य! खर्च वाढतो नेमका तिथेच सरकार हात आखडते. पदवीपर्यंत भत्ता, ही मागणी प्रत्येक शाखेने ठराव करून वर पाठवलीच पाहिजे.

आणि शेवटचा मुद्दा. भरतीच नसेल तर पदविका म्हणजे भिंतीवर लावायचा कागद. जानेवारी 2024 मध्ये असिस्टंट लोको पायलटच्या 5,696 जागा जाहीर झाल्या. जूनमध्ये त्याच 18,799 झाल्या. तेरा हजार जागा काय आभाळातून पडल्या? त्या रिकाम्याच होत्या, आणि त्यांचा भार आपले साथी जादा ड्युटी करून वाहत होते.

साथींनो, पोरासाठी कॉलेज निवडा ते हिशेबाने. आणि त्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराच्या नोकरीसाठी लढा, तो संघटनेने!

कामगार एकजुटीचा विजय असो!