आधी मांजराचे कागद, मग आपले तिकीट

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी घोडेगावहून आमची एक जुनी विद्यार्थिनी सासूबाईंसह भेटायला आली. पुण्यातील एका कंपनीचे हिशेबाचे काम ती चार वर्षांपासून घरूनच करते. नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली आहे आणि तिच्या कंपनीने तिथून काम करायला परवानगी दिली आहे. घरात आनंद होता. चाळीस दिवसांनंतरची तिकिटेही पाहून ठेवली होती. निघताना मात्र ती दारात घुटमळली. "एक विचारायचं राहिलं," ती म्हणाली, "आमच्या सोनीचं काय करायचं?"

सोनी म्हणजे तिची मांजर. लग्नाच्या आधीपासूनची.

आम्ही भाषा शिकवणारी माणसे, आम्हाला विमानाचे नियम कुठून ठाऊक असणार? पण विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, तर ते शोधून द्यावे लागते. पशुवैद्यकांना विचारले, नियम वाचले. जे समजले ते इथे मांडतो, कारण जुन्नर-आंबेगावातून परदेशी जाणारी घरे आता कमी नाहीत आणि मांजर तर आपल्या बहुतेक घरांत असतेच.

पहिली गोष्ट, लसीचे कार्ड असले म्हणजे झाले, हा समज चुकीचा आहे. युरोपीय संघातील देशांसाठी क्रम ठरलेला आहे. आधी प्राण्याच्या कातडीखाली १५ अंकी क्रमांकाची मायक्रोचिप बसवायची. त्याच दिवशी किंवा त्यानंतर रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस धरली जात नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडे प्रति मिलिलिटर किमान ०.५ एकक भरली पाहिजेत. एवढ्यावरही निघता येत नाही. रक्त काढल्या दिवसापासून आणखी ३ महिने थांबावे लागते.

आता हिशेब करा. १ जूनला चिप आणि लस, १ जुलैला रक्त, म्हणजे १ ऑक्टोबरच्या आधी प्रवास नाही. हे सगळे वेळेवर झाले तर. अहवालाला उशीर, एखादा कागद चुकला, हे धरून सहा महिने हाताशी ठेवावेत. मधल्या काळात लसीची मुदत संपू देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि लस १२ आठवड्यांच्या आत देता येत नाही, म्हणून सात महिन्यांच्या आतले पिल्लू युरोपला नेण्याचा विचारच करू नये.

सोनीला लस दिलेली होती, पण चिप नव्हती. म्हणजे सुरुवात शून्यापासून.

शेवटचा टप्पा मुंबईत. केंद्र सरकारच्या पशुपालन खात्याची प्राणी क्वारंटाइन व प्रमाणन सेवा आहे. तिथे प्राणी तपासून निर्यातीचा आरोग्य दाखला मिळतो. युरोपसाठी हा दाखला तिथे पोहोचण्याच्या आधीच्या १० दिवसांतलाच लागतो, म्हणून मुंबईची वेळ आणि विमानाची तारीख एकमेकांना धरून ठरवावी. शिवाय प्राणी मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आधी किंवा नंतर, एवढ्याच अंतराने जायला हवा.

आपल्या घरांत एक जुनी अडचण आहे, ती म्हणजे नावांची. आधारवर 'शेख' शेवटी, पासपोर्टवर आधी, लसीच्या पुस्तिकेत फक्त 'अब्दुल भाई'. मालकाचे नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच प्रत्येक कागदावर लिहून घ्या. लसीच्या बाटलीचे स्टिकर, तारीख आणि चिपचा क्रमांक पुस्तिकेत आहेत का, हे दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी पाहा.

आखाताचे नियम वेगळे आहेत. संयुक्त अरब अमिरातीत त्यांच्या पर्यावरण मंत्रालयाचा आयात परवाना आधी काढावा लागतो, चिप आणि लस तर हवीच. दुबईला प्राणी मांडीवर घेऊन जाता येत नाही, तो मालवाहतुकीतून जातो. ब्रिटनचेही तसेच. पेटी अशी हवी की प्राण्याला आत उभे राहता, वळता आणि आडवे होता यावे. प्रवासाच्या काही आठवडे आधीपासून पेटी घरात उघडी ठेवून त्यातच खायला द्यावे. आपल्याकडे हौसेने पाळल्या जाणाऱ्या पर्शियन मांजरांची गोष्ट नाजूक आहे. चपट्या नाकामुळे त्यांना श्वासाचा त्रास होतो, म्हणून काही विमान कंपन्या त्यांना मालाच्या कक्षात घेत नाहीत. गुंगीचे औषध तर स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका.

कुत्र्यांबाबत जात पाहावी. पिटबुलसारख्या काही जातींना जर्मनीत आणि अमिरातीत प्रवेश नाही. आणि पिंजऱ्यातला मिठू? तो नेता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला हिरवा पोपट पाळणे हाच गुन्हा आहे. पंख कापलेला पक्षी निघताना खिडकीतून उडवून देऊ नका, तो जगणार नाही. वन विभागाकडे द्या.

घरबसल्या कामाच्या बळावरच परदेशी राहता येईल अशा परवानग्याही आता आहेत. अमिरातीची एक वर्षाची आहे, त्यासाठी महिना किमान ३,५०० डॉलर पगार दाखवावा लागतो. मलेशियाने २०२२ मध्ये 'डी-ई रान्ताऊ' नावाचा पास सुरू केला. तो ३ ते १२ महिन्यांचा असतो आणि तंत्रज्ञान क्षेत्रातल्यांसाठी वर्षाला २४,००० डॉलरची अट होती. आकडे बदलत असतात, अर्जाच्या वेळी त्या त्या सरकारकडून तपासून घ्यावेत. कंपनीची परवानगी तोंडी न ठेवता लेखी घ्या आणि कर कोणत्या देशात भरायचा हे आधी विचारा. पण वर्षभरासाठीच जाणार असाल तर एक विचार करा: तेवढ्यासाठी प्राण्याला दोनदा विमानात घालायचे का? भारतात परत आणतानाही क्वारंटाइन सेवेचा ना-हरकत दाखला लागतो.

नेणे जमणारच नसेल तर? तर त्यात लाज नाही. लाज वाटावी असे दुसरेच काही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतले एक कुटुंब आखातात गेले. त्यांची मांजर कितीतरी दिवस कुलूपबंद दारासमोर बसून असायची. कोणी दूध ठेवले तर प्यायची आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसायची. कुत्र्यांचे तर विचारूच नका. मळ्यात सोडून दिलेला कुत्रा आपल्या तालुक्यांत रात्री कोणाच्या तोंडी जातो, हे माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे नाव ऐकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मांजरीला कोंडून ठेवून न खाऊ घालणाऱ्या, न मोकळे सोडणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. ती ऐकताना आपल्याला ती बाई फार निर्दय वाटते. पण ज्या मांजरीला आपण दहा वर्षे घरात वाढवले, तिला शिकार करून खाता येते का, हे आपण कधी पाहिले आहे? प्राणी ही अमानत आहे. नेता येत नसेल तर खालाकडे, फुफीकडे, शेजारी कोणाकडे तरी तिचे घर आधी ठरवा. महिना-दीड महिना आधीपासून तिला तिथे नेऊन-आणून सवय लावा आणि खाण्या-औषधाचा खर्च दरमहा पाठवा.

हे सगळे आम्ही त्या मुलीला फोनवर सांगितले, तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे चाळीस दिवसांत होणारच नाही." आम्ही म्हटले, "तुझ्या नवऱ्याला हजर व्हायची तारीख आहे. तुला आहे का?"

तिला तारीख नव्हती. तिचे काम लॅपटॉपवर, ते घोडेगावातूनही होते. कारखान्यात किंवा दुकानात जाणाऱ्याला कामावर रुजू होण्याची तारीख मालक देतो. घरून काम करणाऱ्याला ती बऱ्याचदा स्वतः ठरवता येते. ही सवलत आपण स्वस्त तिकिटासाठी वापरतो, घरातल्या मुक्या जिवासाठीही वापरता येते.

त्या रात्री घरात बोलणे झाले. नवरा ठरल्या दिवशी पुढे गेला. तिने तिकीट बदलून घेतले आणि त्याच आठवड्यात सोनीला चिप बसवली. नवऱ्याने तिथे घर पाहताना भाडेकरारात मांजर चालेल असे लिहून घेतले. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या होत्या, "एका मांजरीपायी नवरा-बायको चार महिने लांब?" परवा त्यांचाच फोन आला. सोनीचे रक्त तपासणीला गेले, ती पेटीत झोपू लागली आहे आणि आता ती गेल्यावर घर फार मोकळे वाटेल, असे सांगत होत्या.

आपल्या घरातून कोणी निघणार असेल तर आजच दिनदर्शिका उघडा आणि सहा महिने मागे मोजा. अल्लाह सर्वांचा प्रवास सुखाचा करो.