विश्लेषण : क्रेडिट कार्डांचे विखुरलेले पॉइंट एकत्र केले तर?

घाटघरजवळ नाणेघाटातल्या दगडी रांजणात सातवाहनकाळी सगळ्यांची जकात पडे, असे सांगतात. क्रेडिट कार्डांच्या रिवॉर्ड पॉइंटचा रांजण मात्र बहुतेकदा कार्डागणिक वेगळा. नुकसान इथेच होते. अनेक बँका पॉइंट वटवताना दर वेळी ९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे घेतात. एका पॉइंटचे २५ पैसे धरले, तर ५०० पॉइंटचे १२५ रुपये. हाती उरतात आठ. घरातल्या चार कार्डांचे मिळून जेमतेम ३३. तेच २,००० पॉइंट एका खात्यात असते तर ३८३!

दुसऱ्याच्या नावावरचे पॉइंट बँका सहसा वळवू देत नाहीत. त्यापेक्षा ॲड-ऑन कार्ड बरे. घरच्यांच्या खर्चाचे पॉइंट मूळ खात्यातच पडतात. बिलही अर्थात मूळ कार्डधारकाचेच. महिना साडेतीन टक्के व्याजाने ११ हजार महिनाभर थकले, की हे ३८३ रुपये गेलेच.